स्टिकरवर चढलेला रंग

ईद जवळ आली, घरात निकाह ठरला किंवा एखादी वस्तू विकायला काढली, की आपल्याकडे पहिला विचार रंगाचा होतो. भिंतीला रंग, फाटकाला रंग, लोखंडी कपाटाला रंग आणि दारात जुनी गाडी उभी असेल तर तिलाही रंग. यात वाईट काही नाही. पण रंगारी घाईत असतो आणि घरमालकाला खर्च कमी हवा असतो. गाडीवरच्या स्टिकरला मास्किंग टेप आणि कागद लावून झाकायला दहा मिनिटे लागतात. ती दहा मिनिटे मजुरीत धरलेली नसतात. म्हणून कंपनीचे नाव, रंगीत पट्टा, विक्रेत्याचे छोटे लेबल असे सगळे एका फवाऱ्यात रंगाखाली जाते.

काही वर्षांनी कुणाला तरी ते आठवते. मग प्रश्न येतो, वरचा रंग काढून खालचा मूळ स्टिकर परत मिळेल का? उत्तर असे की बहुतेक वेळा मिळतो, पण घाई केली तर रंगाबरोबर तोही जातो.

हा प्रश्न मला माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने विचारला. तिचे माहेर वसमत तालुक्यात. वालिद दोन वर्षांपूर्वी अल्लाहला प्यारे झाले. मागे घर, थोडी हळदीची शेती आणि १९८४ची प्रीमियर पद्मिनी राहिली. गाडी मूळची क्रीम रंगाची. दहा-बारा वर्षांपूर्वी घरातल्या एका लग्नाआधी ती गडद निळी करून घेतली होती. दोन्ही भावांचे म्हणणे, गाडी विकून टाकू. एक गिऱ्हाईक येऊन गेले आणि म्हणाले, “मूळ अवस्थेत असती तर वेगळा भाव दिला असता.” त्यावर धाकट्या भावाने ठरवले की सगळा रंग खरवडून पुन्हा क्रीम मारू. बाजीला मात्र आठवत होते की डिकीवर डाव्या कोपऱ्यात एक लेबल होते आणि त्याच्या शेजारी अब्बांनी स्वतः चिकटवलेले ७८६ होते. ती म्हणाली, “सर, भाईजान म्हणतात रेडियमवाल्याकडून नवीन करून घेऊ. पण ते अब्बांचं नसेल ना.”

माझे मामू आयुष्यभर डेंटिंग-पेंटिंगच्या कामात होते. शाळेच्या सुट्ट्यांत मी त्यांच्या हाताखाली पाणी मारणे, वॉटर पेपर घासणे अशी कामे केली आहेत. त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर मी पुस्तकातून नाही, त्यांच्याकडून शिकलो.

आधी हे पाहू की मूळ म्हणजे काय. पद्मिनी ही आपल्या मुंबईची गाडी. वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार होई. इटलीच्या फियाट ११०० गाडीचा तो भारतीय अवतार. १९७०च्या दशकात तिला पद्मिनी हे नाव मिळाले, तरी लोक तिला शेवटपर्यंत फियाटच म्हणत राहिले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत ती इतकी वर्षे चालली, की ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली तेव्हा वर्तमानपत्रांनी तिला निरोपाचे लेख लिहिले. या गाडीवर कंपनीचे नाव धातूच्या चकचकीत अक्षरांत असते. धातूवर रंग चढला तर काढणे सोपे. अक्षरे सोडवून घ्यायची, रंग काढायचा आणि परत बसवायची. खरी कसोटी स्टिकरची. विक्रेत्याने लावलेले लेबल, काचेवरची चिकटपट्टी, बॉनेटखालच्या सूचना हे सगळे कागद किंवा प्लास्टिकचे असते.

दुचाकींवर तर जवळजवळ सगळी ओळख स्टिकरची. अहमदनगरच्या कायनेटिकची लूना १९७२मध्ये आली आणि तिने मराठवाड्यातल्या कित्येक शिक्षकांना, पोस्टमनना आणि दूधवाल्यांना गावोगाव पोहोचवले. तिच्यावरचे नाव, पुढे आलेल्या यामाहा आरएक्स १००च्या टाकीवरचे पट्टे, जुन्या ट्रॅक्टरच्या बॉनेटवरची अक्षरे, यांच्यावर हातोहात ब्रश फिरलेला आपण सर्वांनी पाहिला आहे. परदेशातही हेच. अमेरिकेतल्या पॉन्टियॅक ट्रान्स अ‍ॅम या गाडीच्या बॉनेटवर १९७३पासून पंख पसरलेल्या पक्ष्याचा भला मोठा स्टिकर मिळू लागला. आज ज्या गाडीवर तो कारखान्यातला जुना पक्षी शाबूत आहे, तिच्याकडे शौकीन वेगळ्याच नजरेने पाहतात. नवा पक्षी छापून मिळतो, पण तो नवा आहे हे जाणकाराला कळते.

आता कामाकडे वळू.

पहिली गोष्ट, आरसी बुक उघडा. त्यात गाडीचा रंग लिहिलेला असतो. रंग बदलला तर तो आरटीओकडे नोंदवावा लागतो, पण अनेक जण नोंदवत नाहीत. पुस्तकात क्रीम लिहिले आहे आणि दारात निळी गाडी उभी आहे, म्हणजे निळा रंग नंतरचा. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ला परभणीतून वेगळा झाला. त्यामुळे आपल्याकडच्या नव्वदीतल्या गाड्यांच्या नंबरात परभणीचा २२ आणि नंतरच्यांत हिंगोलीचा ३८ दिसतो. गाडी मूळची कुठली, हेही त्यावरून समजते.

दुसरी गोष्ट, हात लावण्याआधी फोटो काढा. सूर्य तिरका असताना, म्हणजे सकाळी किंवा संध्याकाळी, रंगाखालच्या स्टिकरची कड उठून दिसते. त्यावर बटर पेपर ठेवून पेन्सिलीने कड गिरवून घ्या. शेजारी पट्टी ठेवून एक फोटो घ्या. पुढे स्टिकर वाचला नाही तरी त्याची जागा आणि माप तुमच्याकडे राहील.

तिसरी गोष्ट, वरचा रंग कोणत्या जातीचा आहे ते ओळखा. स्टिकरपासून दूर, दाराच्या आतल्या कडेला, कापसाच्या बोळ्यावर थोडे एनसी थिनर घेऊन घासा. रंग लगेच विरघळून कापसावर आला तर तो एनसी, म्हणजे जुन्या गॅरेजमध्ये ज्याला ड्यूको म्हणत तो. रंग विरघळला नाही, पण फुगून सुरकुतला, तर तो डब्यातला ऑइल पेंट. काहीच झाले नाही, तर तो हार्डनर घालून मारलेला पीयू पेंट. या एका चाचणीवर पुढचे सगळे अवलंबून आहे.

आणि इथेच बहुतेक जण घसरतात. थिनरने रंग निघतो हे एकदा दिसले, की तेच थिनर स्टिकरवर ओततात. स्टिकर हा प्लास्टिकचा पातळ पापुद्रा, त्यावर शाई आणि खाली गोंद. थिनर या तिघांनाही खाते. पेट्रोलने गोंद सुटतो. पेंट रिमूव्हर तर काही शिल्लक ठेवत नाही. ब्रेक ऑइलने रंग मऊ होतो म्हणून काही जण ते लावतात, पण ते खालच्या मूळ रंगातही उतरते. कॉस्टिक सोडा ऑइल पेंटला साबणासारखा करून सोडवतो हे विज्ञानाच्या दृष्टीने खरे आहे, पण तो कातडीही जाळतो आणि अ‍ॅल्युमिनियमही खातो. घरात मुले असताना तो काढूच नये.

नियम असा, सर्वांत सौम्य उपाय आधी. त्याने जमले नाही तरच त्याच्या पुढचा.

गाडी सावलीत घ्या. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पत्रा इतका तापतो की कोणतेही द्रव काम करण्याआधीच उडून जाते. दिवाळीनंतरच्या सकाळी या कामाला चांगल्या. प्रथम साबणाच्या पाण्याने धूळ आणि मेण धुऊन काढा. रंग फवारताना नुसता शिंतोडा उडाला असेल, तर मऊ कपड्यावर थोडे टर्पेंटाइन किंवा रॉकेल घेऊन हळू पुसा. बरेचदा तेवढ्यावर काम होते.

पूर्ण थर बसला असेल तर नखाने एक कड तपासा. प्लास्टिकच्या गुळगुळीत पृष्ठभागावर रंग पत्र्याइतका घट्ट धरत नाही. रंगाऱ्याने आधी पॉलिश पेपर मारला नसेल, तर रंग पापुद्र्यासारखा निघतो. केस वाळवण्याच्या यंत्राने लांबून थोडी ऊब द्या. हात ठेवता येईल इतकीच, कारण जास्त गरम झाले तर स्टिकरच आकसतो. मग जुन्या एटीएम कार्डाची कड आडवी धरून रंग ढकला. लोखंडी ब्लेड फक्त काचेवर चालते, पत्र्यावर नाही. दिशा नेहमी स्टिकरच्या मधून कडेकडे ठेवा. बाहेरून आत ढकलले तर कार्ड स्टिकरच्या कडेखाली शिरते आणि सगळा स्टिकर उचलला जातो.

एनसी रंग असेल तर औषधाच्या दुकानातले सर्जिकल स्पिरिट पाहा. स्टिकरच्या एका कोपऱ्यावर, तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेवर, कान साफ करण्याच्या काडीने लावा आणि काडी पाहत राहा. काडीवर वरचा रंग आला तर ठीक. स्टिकरच्या शाईचा रंग आला तर तिथेच थांबा आणि पाण्याने पुसून घ्या. एका काडीने दोनदा घासू नये. मळलेली काडी रंग परत पसरवते.

ऑइल पेंट किंवा पीयू असेल तर स्पिरिटने फारसे होत नाही. तिथे २००० नंबरचा वॉटर पेपर, भरपूर पाणी, त्यात थोडा साबण आणि सब्र. पेपर बोटाने दाबायचा नाही, रबराच्या सपाट तुकड्याला गुंडाळून फिरवायचा. सुटणारे पाणी तुम्हाला सगळे सांगते. वरच्या निळ्याचे पाणी निळे असते. ते पांढुरके झाले किंवा त्यात स्टिकरचा रंग दिसू लागला, की आणखी एक फेरी नाही. उरलेला निळा धूसरपणा रबिंग कंपाउंडने, मऊ कपड्यावर घेऊन काढता येतो. थोडा निळा राहिला तर राहू द्या.

मामू म्हणत, “थांबायचं कधी हे ज्याला कळतं तो कारागीर, बाकी सगळे घासणारे.” त्यांच्या हातून पाट्या आणि टाक्या वाचत, त्याचे कारण हेच. पूर्ण स्वच्छ करण्याच्या नादात शेवटच्या पाच मिनिटांत अक्षर गेलेले मी त्यांच्या गॅरेजमध्ये दुसऱ्यांच्या हातून पाहिले आहे.

तब्येतीची काळजीही घ्यायला हवी. जुन्या ऑइल पेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या आणि लाल छटांत, शिसे असे. घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएमपर्यंत आणणारा नियम भारतात १ नोव्हेंबर २०१७पासून लागू झाला. त्याआधीच्या डब्यांचा भरवसा नाही. म्हणून कोरडे घासू नका, धूळ उडू देऊ नका. लहान मुले आणि गरोदर स्त्रिया यांना या कामाजवळ येऊ देऊ नका. घासलेले पाणी हौदात किंवा भाजीच्या वाफ्यात जाऊ नये. थिनर आणि स्पिरिट चुलीपासून लांब, उघड्या हवेत वापरा. भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, पसरून वाळवा.

आता वसमतच्या त्या घराचे सांगतो. चाचणीत निळा रंग ऑइल पेंट निघाला. मी त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, सगळी गाडी खरवडायची नाही, आधी फक्त तो कोपरा. दुसरी, हे काम तिघांनी मिळून करायचे.

दुसऱ्या गोष्टीला कारण होते. गाडी वालिदांची, म्हणजे ती तरक्यात आली. तिच्यात जसा दोन्ही भावांचा हिस्सा, तसा बाजीचाही. शेत आणि घर यांचा हिशेब निदान तोंडी तरी होतो, पण गाडी, शिलाई मशीन, घड्याळ यांच्याबाबत “ते आमचं आम्ही बघतो” असे म्हणून मुलींना विचारलेही जात नाही. वाटणीआधी वस्तू रंगवणे, खरवडणे, विकणे हे सर्व वारसांना विचारूनच व्हायला हवे. सरकारी बाजूही आहे. मालकाच्या मृत्यूनंतर वारसाने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे आणि ३ महिन्यांत गाडी नावावर करण्यासाठी फॉर्म ३१ भरायचा असा नियम आहे. या घरात तोही राहून गेला होता. थोरल्या भावाने ते मान्य केले आणि आधी ते काम हाती घेतले.

चार संध्याकाळी लागल्या. बाजी पाणी मारायची, धाकटा पेपर फिरवायचा, भाईजान बॅटरी धरून पाण्याचा रंग पाहायचे. तिसऱ्या संध्याकाळी नांदेडच्या विक्रेत्याचे लेबल दिसू लागले. लाल अक्षरे फिकी होऊन गुलाबी झाली होती, पण शब्द वाचता येत होते. खाली पाच आकडी फोन नंबर होता. भावांचा समज होता की अब्बांनी ही गाडी कुणाकडून जुनी घेतली. मग जुन्या कागदांच्या पेटीत शोधाशोध झाली आणि त्याच विक्रेत्याची, अब्बांच्या नावाची पावती मिळाली. गाडी त्यांनी नवीच घेतली होती, आणि कुणाला सांगितले नव्हते. कर्ज काढून घेतली असेल, म्हणून सांगितले नसेल, असे बाजीचे म्हणणे.

७८६ मात्र पूर्ण वाचले नाही. ते रेडियमचे होते आणि उन्हाने इतके ठिसूळ झालेले की सातचा अर्धा भाग रंगाबरोबर निघाला. धाकटा म्हणाला, काढून टाकू आणि नवे लावू. बाजी म्हणाली, आठ आणि सहा अब्बांनी लावलेले आहेत, ते राहू दे. ते तसेच राहिले.

काही वाचक विचारतील, एवढे कष्ट एका लेबलासाठी कशाला? रेडियमच्या दुकानात अर्ध्या तासात तेच अक्षर कापून मिळते. मिळते, आणि जिथे मूळ गेलेच आहे तिथे तसे करायला हरकत नाही. पण नवे लेबल कोणत्याही गाडीवर लावता येते, म्हणून ते त्या गाडीविषयी काहीच सिद्ध करत नाही. जुने लेबल गाडी कुठे विकली गेली, किती उन्हात उभी राहिली, कुणी ती सांभाळली हे सांगते. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, फिवाने, स्वीकारलेल्या ट्यूरिन चार्टरचाही सूर हाच आहे. आधी जपा, मग दुरुस्त करा, आणि गाडीच्या आयुष्याच्या खुणा पुसू नका.

कायदाही थोडा त्याच बाजूने आला आहे. जुलै २०२१मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेली, चॅसिस, बॉडी आणि इंजिन यांत मोठा बदल न केलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नंबरात व्हीए ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आणि नोंदणी १० वर्षांची. अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा भाड्याने चालवता येत नाही. १९८४ची पद्मिनी या हिशेबाने २०३४मध्ये पात्र होईल. स्टिकर नसला तर नोंदणी नाकारतील असे नाही. पण मूळ अवस्था दाखवताना जुने लेबल आणि जुनी पावती यांच्यासारखे साक्षीदार नाहीत.

गाडी विकायची की ठेवायची, हे त्या घराने अजून ठरवलेले नाही. पण ठरवतील तेव्हा तिघे मिळून ठरवतील, एवढे नक्की झाले आहे.

उघडा केलेला स्टिकर टिकवायचा असेल तर त्यावर लगेच लॅकर मारू नका. जुनी शाई त्याने सुरकुतू शकते. साध्या पाण्याने पुसा, कोरडे करा, कडा सुटल्या असतील तर काडीने थोडा गोंद लावून दाबा आणि गाडी उन्हात उभी करू नका. सुती कापडाचे कव्हर पुरेसे आहे. प्लास्टिकच्या कव्हरखाली ओल साचते.

आणि ज्यांच्या घरी अजून रंग मारायचा आहे, त्यांच्यासाठी सर्वांत स्वस्त सल्ला. रंगारी येईल त्या सकाळी त्याच्याबरोबर गाडीभोवती एक फेरी मारा. प्रत्येक स्टिकरवर, प्रत्येक लेबलवर बोट ठेवा आणि म्हणा, “भाई, हे झाकून घ्या, याचे पैसे वेगळे देतो.” शंभर-दोनशे रुपयांचा प्रश्न आहे. टेप रंग वाळण्याआधी, थोडा ओला असतानाच काढायला सांगा, नाहीतर कड फाटते. घरातल्या मुलांनाही त्या फेरीत बरोबर घ्या. आजोबांनी काय लावले होते आणि का, हे त्यांना तेव्हाच कळेल.